पोरांना खाण्याची स्वच्छता शिकवताय? या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आणि दर जूनला नवीन शिक्षक येऊन त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "वास आला तर खाऊ नका" एवढंच सांगून मोकळं होणं. मीपण तेच सांगायचे. दुसरीतली एक पोरगी रोज अर्धीच खिचडी खायची, उरलेली डब्यात भरून दप्तरात ठेवायची, घरी धाकट्या भावासाठी. खिचडी उतरते साडेबाराला, शाळा सुटते पाचला, म्हणजे साडेचार तास ती बंद डब्यात कोमट. एका रात्री भावाला उलट्या लागल्या, सलाईन लावावं लागलं, डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, भात किती वाजताचा होता? दुसऱ्या दिवशी पोरगी मला म्हणाली, "बाई, मी वास घेतला होता, येत नव्हता." मी शिकवलं तसंच केलं होतं तिने! तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेलं रूप, शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात, ते परत गरम करूनही जात नाही, आणि वास तर येतच नाही बऱ्याचदा. आता मी पोरांना घड्याळच दाखवते, शिजल्यापासून दोन तासांत संपवायचं. त्या पोरीला ओरडले नाही, घर गल्लीपलीकडेच होतं, म्हणून मधल्या सुट्टीतच गरम डबा मोठ्या भावाबरोबर घरी पाठवायला लागले.

दुसरी चूक, हात धुण्याचं गाणं बसवायचं, 15 ऑक्टोबरला, जागतिक हात धुणे दिनाला, फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि साबण मात्र ऑफिसच्या कपाटात कुलपात. का, तर म्हणे पोरं संपवतात. अहो, संपायलाच पाहिजे ना! मी वडीचे चार तुकडे करते, कांद्याच्या जाळीत भरून नळाला बांधते. आणि एकदा खोबरेल तेलात लाल खडूची पूड कालवून पोरांच्या हाताला चोळा, आधी नुसत्या पाण्याने धुवायला लावा, मग साबणाने. नखांत, अंगठ्याच्या बुडाशी लाल राहिलेलं पोरं स्वतःच शोधतात, आपल्याला बोलावंच लागत नाही. अर्धा तास जातो, जाऊ द्या, घाई करणाऱ्यांनी हा विषय घेऊच नये.

जंतूंचे राक्षस काढून घाबरवू नका, घाबरलेलं पोर डबाच खात नाही.

तीस पोरांना एक नॅपकिन नको, हात हवेत झटकून वाळवू द्या.

पाण्याच्या पिंपात पेला बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

गेटवरची बोरं-चिंचा बंद करायच्या मागे लागू नका, घेणारच ती, धुवून खायला शिकवा.

आणि वाढण्याआधी खिचडीची चव घेता ना, ती पळी तोंडाला लावून परत पातेल्यात घालू नका. तळहातावर घ्या. पोरं ताट घेऊन समोरच उभी असतात, सगळं बघत असतात.