रोप उजेडाकडे का वाकतं? टोपीवाला प्रयोग घरी नीट कसा जमवायचा

खोक्याला भोक पाडा, आत कुंडी ठेवा, रोप भोकाकडे वाकेल. हे सगळ्यांनी शाळेत केलंय आणि त्यातून कळत काहीच नाही. वर ‘झाडाला उजेड हवा असतो म्हणून ते वाकतं’ हे ठरलेलं उत्तर! अहो, तो झाला फायदा, कारण कुठंय? खरंच बघायचं असेल तर डार्विन बापलेकांनी 1880 साली छापलेला, कोंबाचा शेंडा टोपीने झाकून बघायचा प्रयोग करा.

गहू रात्रभर भिजवा, ओल्या मातीत पेरा, डबा पूर्ण अंधारात ठेवा.

तीन-चार दिवसांनी पांढरट कोंब येतात. ते दोन-अडीच सेंटीमीटरचे असतानाच काम उरकायचं. कोंबाची बाहेरची पोकळ नळी फोडून आतलं पान बाहेर आलं की संपलं, नवीन गहू भिजत घाला.

आता टोप्या. माझे पहिले तीन प्रयत्न इथेच गेले. मी फॉइल थेट कोंबावर गुंडाळायचो, शेंडा चिरडायचा, मग तो कोंब वाकायचा नाही आणि मी खूश, की बघा प्रयोग जमला! कसला जमतोय, शेंडा मेल्यावर तो वाकणार कशाला. म्हणून फॉइल आधी टूथपिकवर सैलसर गुंडाळा, वरचं टोक चिमटून बंद करा, टूथपिक काढून घ्या आणि ती सहा-सात मिलिमीटरची टोपी वरून हलकेच सोडा. दाबायची अजिबात नाही. हे करताना ट्यूबलाइट लावू नका, सायकलचा मंद लाल दिवा वापरा, कारण वाकायला लावतो तो मुख्यतः निळा उजेड, लाल दिव्याने कोंब वळत नाहीत.

चार-पाच कोंबांना टोपी, चार-पाच तसेच, आणि चार-पाचांना शेंडा मोकळा ठेवून खाली फॉइलची पट्टी. ही तिसरी रांग बहुतेक जण गाळतात आणि सगळी गंमत तिच्यातच आहे.

एका बाजूने पांढरा एलईडी लावा, रात्रभर राहू द्या.

सकाळी उघडे आणि पट्टीवाले वाकलेले दिसतील, टोपीवाले जवळपास सरळ (एखादा थोडा वाकतोच, म्हणून तर इतके घ्यायचे). म्हणजे उजेड हेरतो शेंडा आणि वाक येतो त्याच्या खाली. शेंड्यातलं ऑक्झिन, म्हणजे वाढ घडवणारं संप्रेरक, सावलीच्या बाजूला जास्त सरकतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे ढकलला जातो. म्हणजे वाकणं ही वाढच आहे, फक्त एका बाजूला जास्त. डबक्यातला युग्लिना हा एकपेशीय जीव उजेडाकडे जातो ते वेगळं प्रकरण, तो चाबकासारख्या शेपटाने चक्क पोहत जातो आणि उजेड फार प्रखर झाला तर उलटा पळतो.

कुणी म्हणालंच की टोपीच्या ओझ्याने कोंब अडकला, तर टोपी हळूच उचला आणि डबा तसाच दिव्यासमोर ठेवा. काही तासांत तोही वळतो.