तलावपाळीची होडी अखेर वाटेला लागली

सोसायटीच्या कार्यक्रमासाठी मी ठाण्याच्या मासुंदा तलावाचा, म्हणजेच तलावपाळीचा, छोटा ॲनिमेटेड नकाशा करत होतो. कोपिनेश्वर मंदिराकडून होडी निघते आणि तलावाला वळसा घालते, एवढंच. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूलने शेप लेअरवर (आकार काढायचा थर) काठाकाठाने वाट काढली, तिचा 'पाथ' (वाटेची रेषा) कॉपी करून होडीच्या 'पोझिशन'वर (तिची पडद्यावरची जागा) पेस्ट केला. होडी थेट स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात! अर्धी वाट तर बाहेरच.

दोन संध्याकाळी यात गेल्या. मग उलगडा झाला: शेप लेअरचा पाथ लेअरच्या मध्यापासून मोजला जातो, पोझिशन मात्र काँपच्या (कंपोझिशन, म्हणजे ज्यात चित्र हलतं ती पूर्ण चौकट) वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. १९२० बाय १०८० च्या काँपमध्ये हा फरक ९६० आणि ५४० पिक्सेलचा.

काँपच्याच मापाचा सॉलिड (एकरंगी थर) घेतला, म्हणजे त्याचं मोजमापही त्याच कोपऱ्यापासून. त्यावर तीच वाट मास्क (थर कापायची रेषा) म्हणून काढली आणि 'मास्क पाथ' कॉपी केला. पेस्ट करताना होडीची 'पोझिशन' निवडलेली हवीच, नाहीतर होडीवरच मास्क बसतो आणि ती कापली जाते. वाट अगदी काठाला बसली. पेस्ट केलेली हालचाल २ सेकंदांत संपते. शेवटची कीफ्रेम (वेळेच्या पट्टीवरची खूण) ओढून १२ सेकंदांवर नेली. मधल्या कीफ्रेम आपोआप सरकतात, वेग एकसारखा राहतो.

होडीचं तोंड वाटेप्रमाणे वळावं म्हणून 'ऑटो-ओरिएंट'मध्ये 'ओरिएंट अलाँग पाथ' लावलं, तर होडी आडवीच सरकायला लागली. माझ्या चित्रात नाळ (होडीचं पुढचं टोक) वर होती, सॉफ्टवेअर उजवी बाजू पुढची धरतं. 'रोटेशन' ९० अंश केलं. होडी मंदिरासमोर हळूच वळली, तशी लेक म्हणाली, "बाबा, अजून एक फेरी!"