मियाटाला सुपरचार्जर लावताय? ब्लोअर सगळ्यात शेवटी बसवा

ब्लोअर, म्हणजे इंजिनमधे हवा दाबून भरणारा पंप, म्हणजेच सुपरचार्जर, हातात आला की तो लगेच इंजिनवर चढवून बघावासा वाटतो, मलाही वाटला, पण तिथेच इंजिनं जातात. माझी गाडी पहिल्या पिढीतली १.६ लिटर माझदा मियाटा, मुंबईत अशा मोजक्याच असतील, त्यामुळे इंजिन गेलं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसरं मिळेल ही आशा नको. आधीच सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवरच्या गाडीत असा बदल चालत नाही आणि इन्शुरन्सचा क्लेमही अडकतो, म्हणून ही गाडी फक्त ट्रॅकची आणि तिथे ट्रेलरवरून जाते.

पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं, गरम इंजिनवर. चार सिलिंडरमधे दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर आधी इंजिनचं काम काढा. सुरुवातीच्या, म्हणजे १९९०-९१ च्या इंजिनांत क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे, तिथली ‘की’, म्हणजे पुली घसरू न देणारी छोटी पट्टी, ढिली होऊन खाच खाल्ली जाते ही त्यांची जुनी खोड आणि आपण नेमका त्याच टोकावरून ब्लोअर फिरवणार, त्यामुळे पुली काढून नीट बघाच.

मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. मूळ गाडीत हवा मोजायला झडपेचा मीटर आहे, तो बूस्टसाठी, म्हणजे ब्लोअरच्या जादा दाबासाठी, बनलेलाच नाही. तो काढून मेगास्क्वर्टसारखा स्टँडअलोन ईसीयू, २.५ बारचा मॅप सेन्सर (इंजिनमधे जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि वाइडबँड (सायलेन्सरच्या धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर) बसवा आणि ब्लोअर न लावता गाडी नीट चालवून दाखवा, थंड स्टार्ट, आयडल, सगळं. मी सगळं एकदम केलं होतं आणि गाडी अडखळायला लागली तेव्हा दोष ब्लोअरचा की ईसीयूत भरलेल्या आकड्यांचा की वायरिंगचा हेच कळेना, अख्खा पावसाळा गेला आणि निघाली काय तर गंजलेली एक अर्थिंगची वायर.

पेट्रोलचं गणित कागदावर करा. १६० हॉर्सपॉवर धरली तर सुपरचार्ज्ड इंजिनला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पाउंड इंधन लागतं, चार इंजेक्टरमधे वाटा आणि ८५ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरा, एका इंजेक्टरला मिनिटाला ३०० सीसीच्या आसपास येतात. त्यात आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्याला अजून जास्त इंधन लागतं, म्हणून ३५० च्या खाली जाऊ नका. जुने रबरी पाइप इथेनॉलने खराब होतात, ते सगळे बदला. आणि वाइडबँडवर १४.७ वगैरे आकडे बघत बसू नका, ते शुद्ध पेट्रोलचे आहेत, थेट लॅम्डा बघा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त), बूस्टमधे ०.८० च्या जवळ.

आता गरमी, मुंबईत हाच खरा शत्रू. ६ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्ट म्हणजे हवेचा दाब १.४ पट. बाहेर ३४ अंश असताना रूट्स प्रकारच्या ब्लोअरमधून ही हवा साधारण ९० अंशाने बाहेर येते, आणि ट्रॅकवर जायच्या आधी बोनेटखाली उभ्या गाडीत अजून तापते. इंटरकूलरशिवाय, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या रेडिएटरशिवाय, हा नाद करूच नका. प्लग एक नंबर थंड घ्या, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

आता ब्लोअर. मी जुन्या मिनी कूपर एसचा ईटन एम४५ वापरला, एका फेरीत सुमारे ०.७४ लिटर हवा ढकलतो. १.६ चं इंजिन क्रँकच्या एका फेरीत ०.८ लिटर घेतं, म्हणजे ब्लोअर क्रँकच्या दीडपट फिरवला की आपले ५-६ पीएसआय येतात. मिनीमधे त्याच्या मागच्या टोकावरून पाण्याचा पंप फिरतो, ते तोंड प्लेट लावून बंद करावं लागतं, आणि त्याच्या आतलं तेल पुढचं-मागचं दोन्ही बदला, ते लोक विसरतात. ब्रॅकेटला साकीनाक्याच्या लेथवाल्याकडे वेळ द्या, पुली एक मिलिमीटर जरी तिरकी असली तरी बेल्ट कडा खातो आणि फेकला जातो. बायपास व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पाय सोडल्यावर दाबाला जायला जागा नाही.

ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर), पहिल्यांदा ३ पीएसआयच्या पुलीने. दर पीएसआयमागे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) एक अंश मागे घेऊन सुरू करा, कानाला नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) ऐकवणाऱ्या सेन्सरचे हेडफोन, आणि टकटक ऐकू आली की लगेच पाय काढा. हवेचं तापमान ५० च्या वर गेलं की टायमिंग आपोआप मागे येईल असा टेबल भरा. पेट्रोल मात्र एकच ठरवा, एक्सपी१०० वर (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) ट्यून केलं असेल तर साध्या पेट्रोलची एकही टाकी भरायची नाही, जवळचा पंप बंद असला तरी.