मसल कारच्या इंजिनासाठी क्रँकशाफ्ट निवडताना या चुका टाळा

जुन्या अमेरिकन मसल कारचे इंजिन नव्याने बांधायला घेतलेला माणूस क्रँकशाफ्ट (पिस्टनची वरखाली चाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, थोडक्यात क्रँक) घेताना बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे हा क्रँक किती हॉर्सपॉवर सोसेल. प्रश्न रास्त आहे, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा असतो. क्रँक मधोमध मोडल्यामुळे इंजिन गेले, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा क्रँक शाबूत असतो आणि ब्लॉक, रॉड, पिस्टन, डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचे कंप शोषणारे चाक) किंवा फ्लायव्हील यांपैकी कशाशी तरी त्याचे जुळलेले नसते. येथे उदाहरणासाठी शेव्हरोलेचे ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक घेतले आहे, कारण सर्वाधिक प्रयोग याच इंजिनावर झाले आहेत आणि चुकाही.

१९६७ च्या कॅमारोबरोबर आलेल्या या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनच्या चालीची लांबी) ३.४८ इंच आहे. बोअर ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून त्यात ४०० घनइंची इंजिनाचा ३.७५ इंची स्ट्रोक बसवला की ३८३ घनइंची इंजिन तयार होते. कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात ४०० च्या मूळ क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगवर फिरणारे भाग) २.६५ इंची असतात आणि ३५० चा ब्लॉक २.४५ इंची जर्नल मागतो, त्यामुळे जुना क्रँक आणला तर मेन जर्नल २०० थाऊ उतरवून घ्यावे लागतात. आता ३.७५ इंची स्ट्रोकचे नवे क्रँक २.४५ इंची जर्नलसह तयार मिळतात. तरीही २८३ किंवा ३२७ चा जुना ब्लॉक हाताशी असेल तर १९६७ पर्यंत त्यांचे मेन जर्नल २.३० इंची होते, हे विसरून चालत नाही. मागच्या ऑइल सीलचीही तीच गत आहे. १९८५ पर्यंत सील दोन तुकड्यांचे होते आणि १९८६ पासून एका तुकड्याचे झाले, त्याबरोबर फ्लायव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३.०० इंचांवर आले. जुना क्रँक नव्या ब्लॉकमध्ये अडॅप्टर लावून बसवता येतो. नवा क्रँक जुन्या ब्लॉकमध्ये बसवण्याची सोय मात्र नाही. म्हणून ब्लॉकच्या मागच्या बाजूचा कास्टिंग नंबर वाचल्याशिवाय आणि जर्नलच्या जागा स्वतः मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बॅलन्स: सर्वांत महागात पडणारी चूक

जुन्या ३५० चा क्रँक आतल्या आत बॅलन्स केलेला असतो. ४०० च्या क्रँकला मात्र वजनासाठी बाहेरची मदत लागते, म्हणजे त्याच्या डँपरवर आणि फ्लायव्हीलवर जाणूनबुजून एका बाजूला जास्तीचे वजन ठेवलेले असते. १९८६ नंतरच्या ३५० मध्ये असे वजन फक्त मागे असते. फोर्डच्या ३०२ घनइंची इंजिनात तर या जास्तीच्या वजनाचा आकडाच मध्ये बदलला: आधीच्या इंजिनांत २८ औंस-इंच होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० औंस-इंच झाला. दोन्ही डँपर समोर ठेवले तर नवख्या माणसाला फरक ओळखता येत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या ३८३ साठी बाहेरून बॅलन्स होणारा ओतीव क्रँक घेतला आणि काटकसर म्हणून ३५० चीच जुनी फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबतचे पातळ फ्लायव्हील) आणि डँपर लावला. आयडलला इंजिन शांत होते. आरपीएम २५०० च्या वर गेले की आरशातली मागची गाडी पुसट होऊन जाई. मी कार्ब्युरेटर उघडला, इंजिन माउंट बदलले, प्रॉपेलर शाफ्टवरही संशय घेतला. शेवटी इंजिन खाली उतरवले तेव्हा मेन बेअरिंगवर एका बाजूने घासल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. गाडी न्यूट्रलला उभी असतानाही कंप आरपीएमबरोबर वाढत असेल, तर दोष चाकांत किंवा प्रॉपेलर शाफ्टमध्ये नसतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

क्रँक, रॉड, पिस्टन आणि डँपर जुळवून दिलेला संच घेतला तरी बॅलन्स करून घेण्याचा खर्च टाळू नये. ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये बॉबवेट (बॅलन्स करताना रॉड-पिस्टनऐवजी क्रँकला लावायचे वजन) काढताना फिरणारे सगळे वजन आणि वरखाली होणाऱ्या वजनाचा निम्मा भाग धरतात. विक्रेता क्रँकचे जे लक्ष्य बॉबवेट सांगतो ते आपल्या हिशेबापेक्षा थोडे जास्त असलेले बरे, कारण काउंटरवेटला (क्रँकवरच्या समतोल वजनाला) भोक पाडून वजन कमी करणे स्वस्त असते, तर वजन वाढवण्यासाठी टंगस्टनचे जड तुकडे ठोकून बसवावे लागतात आणि त्याचे बिल डोळे पांढरे करते.

स्ट्रोक वाढला की बाकी सगळे हलते

३५० चेच पिस्टन ठेवून फक्त क्रँक बदलण्याचा मोह अनेकांना होतो. हिशेब करून पाहावा. ब्लॉकची डेक उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत) ९.०२५ इंच असते. ३.७५ इंची स्ट्रोकचा निम्मा भाग १.८७५, रॉड ५.७ आणि पिस्टनची कॉम्प्रेशन उंची (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंत) १.५६ धरली तर बेरीज ९.१३५ होते, म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या ११० थाऊ वर येऊन हेडवर आदळेल. ६ इंची रॉड आणि १.१२५ इंच उंचीचा पिस्टन घेतला की बेरीज ९.००० इंचांवर बसते. रॉडचे बोल्टही आता ब्लॉकच्या खालच्या कडेजवळून आणि कॅमच्या लोबजवळून जातात. सुमारे ६० थाऊ जाडीची तार वाकवून, क्रँक हाताने सावकाश फिरवत, आठही रॉडजवळ ती तार मोकळी सरकते का ते पाहावे. जिथे अडते तिथे ब्लॉक ग्राइंडरने घासावा लागतो. कॅमजवळ अडले तर कमी उंचीच्या बोल्टांचे रॉड किंवा लहान बेस सर्कलचा (लोबखालचा गोल भाग बारीक असलेला) कॅम घ्यावा.

वाढीव स्ट्रोकची किंमत वेगातही मोजावी लागते. ३.७५ इंची स्ट्रोकवर ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २०.६ मीटर होतो, मूळ ३.४८ इंची स्ट्रोकवर तोच वेग गाठायला ७००० आरपीएम लागतात. ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ३०५ घनइंची मर्यादेत बसवलेल्या १९६७ च्या कॅमारो झेड/२८ ला जेमतेम ३.०० इंची स्ट्रोक होता आणि ते इंजिन उंच आरपीएमवरच रंगात येई. रस्त्यावर सिग्नलपासून सुटताना टॉर्क हवा असेल तर लांब स्ट्रोक घ्यावा, पण मग ७५०० ची हौस सोडून द्यावी.

धातू आणि फिलेट

कोल्हापूरच्या फाउंड्रीत ज्याला एसजी आयर्न म्हणतात, त्या जातीचा ओतीव क्रँक ४०० ते ४५० हॉर्सपॉवरच्या, नायट्रस किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला पुरतो, असे माझे मत आहे. त्यापुढे ४३४० पोलादाचा फोर्ज केलेला क्रँक घ्यावा. पुण्याच्या मशीन शॉपमध्ये ईएन-२४ म्हणून ओळखतात त्याचाच हा भाऊबंद. जुना क्रँक फोर्ज केलेला म्हणून कोणी विकत असेल तर साच्याची शिवण पाहावी: ओतीव क्रँकवर ती बारीक रेघेसारखी असते, फोर्ज केलेल्यावर रुंद पट्ट्यासारखी. टांगून हलकेच ठोकले तर फोर्ज केलेला घंटेसारखा वाजतो. वापरलेला क्रँक असेल तर मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधणाऱ्या) तपासणीशिवाय घेऊ नये.

जर्नल जिथे क्रँकच्या गालाला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, मिळतो तिथली गोलाई म्हणजे फिलेट. भेग बहुधा तिथूनच सुरू होते, म्हणून चांगल्या क्रँकवर ती मोठी, अनेकदा १२५ थाऊची, ठेवतात. अशा क्रँकवर साधे बेअरिंग घातले तर त्याची कड फिलेटवर चढते. उघडल्यावर बेअरिंग फक्त कडेला चकाकताना दिसले, तर ऑइलला किंवा पंपाला दोष देण्याआधी कड तासलेले बेअरिंग घातले होते का, ते पाहावे.

डँपरबाबत थोडक्यात: पन्नास वर्षांच्या रबराचा भरवसा धरू नये. बाहेरची रिंग सरकली की टायमिंगची खूण खोटी ठरते आणि आपण त्याच खोट्या खुणेवर इग्निशन लावून इंजिन नॉक करवतो.

बांधताना मेन बेअरिंगचा क्लिअरन्स (फट) जर्नलच्या दर इंचाला १ थाऊ या हिशेबाने, म्हणजे येथे सुमारे २.५ थाऊ ठेवावा आणि तो मायक्रोमीटर व बोअर गेजनेच मोजावा. एंड प्ले (क्रँकची पुढेमागे सरकण्याची मोकळीक) ४ ते ८ थाऊंच्या दरम्यान असावा. हे माप डायल गेज लावून दोनदा घ्यावे: एकदा इंजिन स्टँडवर असताना आणि दुसऱ्यांदा गिअरबॉक्स जोडून टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट आवळल्यानंतर. दुसऱ्या वेळी आकडा कमी भरला, तर कन्व्हर्टर क्रँकला पुढे ढकलत आहे असे समजावे आणि थ्रस्ट बेअरिंग (क्रँकचा पुढेमागे दाब झेलणारे) जळण्याआधी गिअरबॉक्स पुन्हा मागे ओढावा.