तान्ह्या बाळाची मालिश: जोर किती, तेल कोणतं आणि कुठे हात लावायचा नाही

मालिशीनं बाळाची हाडं मजबूत होत नाहीत, पाय सरळ होत नाहीत, नाक धारदार होत नाही की डोकं गोल होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरच्या मालिशीत बाळाला दुखापत होते ती बहुतेक वेळा त्याला आकार द्यायच्या हौसेपायी. प्रत्यक्षात मिळतं ते साधं आहे: बाळ शांत होतं, बऱ्याचदा झोप चांगली लागते, आणि रोज अंगावरून हात फिरल्यामुळे एखादी पुरळ, गाठ किंवा सूज वेळेत लक्षात येते. यातल्या कशालाही जोर लागत नाही.

सुरुवात कधी करायची

पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ असलं तरी नाळ गळून बेंबी कोरडी होईपर्यंत तेलाची घाई नको. नाळ साधारण ५ ते १५ दिवसांत पडते. तोवर हात, पाय आणि पाठ यांवरून नुसता कोरडा, ऊबदार तळवा फिरवला तरी पुरे. ओल्या नाळेला तेल लागलं की ती लवकर वाळत नाही आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. अवघड बाळंतपणानंतर बाळ एक हात कमी हलवत असेल तर तिथेही तसंच. खांद्याजवळच्या हाडाला चीर असू शकते किंवा हाताच्या नसा ताणलेल्या असू शकतात, आणि तो हात मालिशीनं ‘मोकळा करायला’ गेलं की दुखणं वाढतं. काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं असेल त्या दिवसांत अंगाला तेल अजिबात नको.

तेल

नवजात बाळाच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो आणि बाहेरून लावलेल्या गोष्टी त्यातून सहज आत जातात. म्हणून तेल निवडताना ‘नैसर्गिक आहे’ एवढं कारण पुरत नाही. लिनोलिक आम्ल (तेलातला एक स्निग्ध घटक) जास्त असलेलं सूर्यफुलाचं तेल त्वचेचा हा थर टिकवायला मदत करतं. बाटलीवर ‘हाय ओलिक’ (म्हणजे ओलिक आम्ल हा दुसरा घटक जास्त) असं लिहिलं असेल तर ते वेगळं, ते घेऊ नका. खोबरेल तेलही बहुतेक बाळांना चालतं. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर असतं आणि त्यानं त्वचेचं आवरण सैल पडतं. कोरडी किंवा खाजरी त्वचा असलेल्या बाळाला ते बाधू शकतं. मोहरीच्या तेलानं आग होऊ शकते. सुगंधी तेलं, कापूर किंवा मेंथॉल असलेली तेलं सरळ बाजूला ठेवा.

नवीन तेल आणलं की आधी बाळाच्या हाताच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून २४ तास थांबा. लाली, पुरळ, फोड काही आलं नाही तरच पुढे जा.

पूर्ण अंगाला एक ते दोन लहान चमचे, म्हणजे ५ ते १० मिली तेल पुरतं. त्याहून जास्त झालं की ते मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या वळ्यांत साचतं, तिथे घाम आणि मळ धरतं आणि घामोळं उठतं. शिवाय बाळ हातातून निसटतं, ती गोष्ट वेगळीच. तेल कोमट करायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तेल एकसारखं तापत नाही, वर कोमट लागलं तरी आत चटका बसण्याइतकं गरम असू शकतं. बाळाला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गरम किंवा गार असं काहीच जाणवलं नाही तर ते योग्य.

जागा आणि वेळ

खोली २६ ते २८ अंश सेल्सिअस असावी, पंखा आणि एसी बंद. उघड्या, तेल लावलेल्या बाळाची ऊब फार लवकर जाते. मालिश जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध करा, उंच टेबलावर नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापा, हात धुऊन चोळून गरम करा. दुपटं, डायपर, टॉवेल आधीच हाताशी ठेवा, म्हणजे अर्ध्यावर उठावं लागत नाही.

दूध पिऊन ४५ मिनिटं ते तासभर झालेला असावा आणि बाळ जागं, शांत असावं. पोट भरलेलं असताना मालिश केली तर दूध वर येतं, आणि भुकेलं बाळ काही केल्या पडून राहत नाही. पहिले काही दिवस ५ मिनिटं बस्स. सवय झाली की १० ते १५.

जोर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोजमाप सोपं आहे: स्वतःचे डोळे मिटा आणि पापणीवर बोट ठेवा. न खुपता जेवढा दाब देता येतो तेवढाच बाळाला द्यायचा. अगदी बोटांच्या टोकांनी हलकं हलकं फिरवू नका. बाळाला गुदगुल्या होतात, ते पाय आखडून घेतं आणि चिडतं. पूर्ण तळवा टेकवा, चाल सावकाश ठेवा. हात उचलल्यावर त्वचेवर बोटांचे पट्टे उमटले तर जोर जास्त झाला. सावळ्या त्वचेवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून नजर बाळाच्या चेहऱ्यावरच ठेवा.

क्रम

पायांपासून सुरू करा. बाळाला तिथला स्पर्श सहसा लवकर चालतो. एका हातानं घोटा धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोटं यांचा अर्धगोल करून मांडीपासून घोट्यापर्यंत आणा, मग हात बदला. पिळल्यासारखं करू नका. तळपायावर अंगठा टाचेपासून बोटांकडे न्या. पाच-सहा वेळा झालं की दुसरा पाय.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बाळाचे पाय बेडकासारखे वाकलेले आणि बाहेर वळलेले असणं हेच नैसर्गिक आहे. दोन्ही पाय ओढून जोडून सरळ करणं, किंवा नंतर तसेच घट्ट गुंडाळणं यानं खुब्याचा सांधा वाटीतून सरकण्याचा धोका वाढतो. सांध्यातून ‘कट्’ आवाज काढायचा प्रयत्न तर कधीच करू नये.

पोट. बाळ पाठीवर, त्याचे पाय तुमच्याकडे. तळवा तुमच्या डाव्या हाताला, बाळाच्या पोटाच्या खालच्या भागावर ठेवा. तिथून वर, मग बरगड्यांच्या खालून आडवा उजवीकडे, मग खाली. म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मोठं आतडं याच दिशेनं जातं, त्यामुळे वायू पुढे सरकतो. उलट फिरवू नका. बेंबीवर दाब नको. नंतर गुडघे हळूच पोटाकडे आणा, तीन-चार सेकंद धरा, सोडा. किंवा सायकल चालवल्यासारखे आलटून पालटून हलवा. पोट कडक, फुगलेलं लागत असेल किंवा हात लावताच बाळ किंचाळत असेल तर मालिश थांबवून डॉक्टरांना दाखवा.

छातीवर दोन्ही तळवे मध्यावर ठेवून बाजूंना न्या, जोर पोटाहूनही कमी. काही बाळांची, मुलगा असो की मुलगी, स्तनं जन्मानंतर थोडी सुजलेली दिसतात, कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईच्या संप्रेरकांमुळे असं होतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. ते पिळून काढू नका. पिळल्यानं गळू होऊ शकतं आणि ते कापून काढायची वेळ येऊ शकते.

हात पायांसारखेच, फक्त बाळ ते आवळून घेईल. उघडायची जबरदस्ती नको. चेहऱ्याला तेल लावू नका. कपाळाच्या मध्यापासून कानशिलांकडे कोरडं बोट फिरवलं तरी झालं.

पाठीसाठी बाळाला मांडीवर आडवं पालथं घाला, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं. मणक्यावर दाब नको. दोन्ही बाजूंनी खांद्यापासून कुल्ल्यांपर्यंत तळवा आणा. बाळ तसंच झोपी गेलं तर लगेच उलटं करून पाठीवर झोपवा.

या जागा सोडायच्या

टाळूवर तेल थापून दाबू नका. पुढची टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत भरते, तिला मालिशीची गरज नसते. डोक्याला दाबून आकार देऊ नका. जन्मावेळी लांबट झालेलं डोकं काही आठवड्यांत स्वतःच गोलावतं. नाकात आणि कानात तेलाचा थेंब नाही. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनिया होतो, आणि तो सहजी बरा होत नाही. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढू नका. पायाला धरून उलटं लटकवणं, वर उडवणं, जोरात हलवणं यांपैकी काहीही नको. मान धरत नसलेल्या बाळाच्या मेंदूत यानं रक्तस्राव होऊ शकतो.

बाळ नको म्हणतं तेव्हा

रडणं ही शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड फिरवतं, बोटं फाकवतं, पाठीची कमान करतं, उचक्या किंवा सलग जांभया देतं, अंगावर निळसर जाळी उमटते. जाळी बहुतेक वेळा थंडीची असते: पांघरा आणि छातीशी धरा. बाकी खुणा दिसल्या की हात थांबवा, बाळ शांत झालं तर पुढे जा, नाहीतर आजचा दिवस सोडा.

नंतर

१५ ते ३० मिनिटांनी आंघोळ. पाणी ३७ ते ३८ अंश, कोपरानं तपासलेलं. तेलकट बाळ उचलताना नुसतं काखेत धरू नका. एक हात मानेखालून पलीकडच्या दंडाला वेढा आणि दुसरा कुल्ल्यांखाली. आंघोळीनंतर मानेच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्या उघडून टॉवेलनं टिपा, चोळू नका.

लस टोचलेली जागा दोन दिवस चोळू नका, आणि त्या मांडीला किंवा दंडाला तेलही नको. अंगावर पू असलेले फोड, ओली जखम किंवा झपाट्यानं पसरणारी पुरळ असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत मालिश बंद. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, अंग गार पडून ढिलं होणं, टाळू फुगणं किंवा खोल जाणं, दूध नाकारणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.