घरकाम वाटून घ्यायचंय? मग ‘मदत’ नको, अख्खं काम द्या

हिवाळ्यात खान्देशातल्या शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं, सोलणं, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचणं, पन्नास माणसांची फोडणी, सगळं पुरुष करतात आणि सुरेख करतात. म्हणून घरी “माले येत नही” म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. पार्टीनंतर ती काळी पातेली कोणाच्या मोरीत येऊन पडतात, तेवढं बघा.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर ज्यानं जे काम केलं ते त्यानं लिहायचं. धुणी-भांडी सगळ्यांना आठवतात. विरजण लावणं, सिलिंडर नोंदवणं, आजींच्या बीपीच्या गोळ्या चारच उरल्यात हे ध्यानात ठेवणं, हे कुणी लिहीत नाही. तेही लिहा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष जेमतेम चारांत एक. तुमच्या वहीत काय निघतं ते दोघांनी शेजारी बसून वाचा.

मग वाटणी. इथेच बहुतेक घरं चुकतात. “जरा दळण आणून दे” ही वाटणी नव्हे. गहू संपत आलेत हे बघणं, निवडणं, डबा भरणं बाईकडेच राहतं आणि तो गिरणीपर्यंत जाऊन येतो. दळण द्यायचं तर सगळं द्या. कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालायचे, हेही त्यालाच ठाऊक हवं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी भरायचं काम नवऱ्यानं घेतलं आणि पहिल्याच महिन्यात दोनदा वार विसरला. टाकी कोरडी. मी शेजारून दोन हंडे आणले, पण पुढच्या वेळी आठवण करून दिली नाही. फार जड गेलं ते. त्यानंतर त्याच्या मोबाइलवर गजर लागला. आता ड्रम घासणं, टाकी धुणं, तोंडाला फडकं बांधणं यातलं काही माझ्या डोक्यात नसतं. ज्याचं काम, त्याचीच आठवण.

सासूबाईंची परवानगी मागत बसू नका, त्यांना शिकवायला बसवा. लेकाच्या हातात परात पाहून आमच्या सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही दुखणं खरं होतं. त्यांनी हे सगळं एकटीनं ओढलं होतं. नवव्या दिवशी त्यांनीच त्याच्या हातातून गोळा घेतला आणि पाण्याचा हात लावून कड कशी सांधायची ते दाखवलं. पहिल्या दहा-बारा भाकरी चिरणारच. चिरलेल्या खा. त्याच्या मागून पुन्हा थापू नका, आणि ताटाला साबण राहिला तर त्यालाच हाक मारा.

मुलगा असो की मुलगी, जेवलेलं ताट ज्याचं त्यानं घासायचं. यात सूट नको.

एकदा केलेली वाटणी वर्षभर पुरत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई अंधार पडता घरी येते. तेव्हा रात्रीचा स्वयंपाक जो आधी घरी पोहोचेल त्याचा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत एकानं भाजी, दुसऱ्यानं पोळ्या करून ओटा आवरून टाका.

आणि आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. लेक माहेरी येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते. त्याच दिवशी सुनेलाही तिच्या माहेरची ओढ असते, पण “पुरणाचं कोण बघेल?” म्हणून तिला अडकवतात. यंदा आधीच ठरवा. डाळ शिजवणं, पुरण वाटणं, रस काढणं घरातल्या पुरुषांकडे. खापरावरचे मांडे पहिल्या वर्षी जमायचे नाहीत, ते अवघड काम आहे. तव्यावर पोळ्या करा. सुनेला आदल्या दिवशीच एसटीत बसवून द्या.