लाकडी कोळशावर अभ्यास करायचाय? आधी भट्टीवर जा

लाकडी कोळशावर प्रबंध किंवा सर्वेक्षण करायला निघालेली बहुतेक मुलं थेट बाजार गाठतात आणि भाव विचारू लागतात. माझं आग्रहाचं सांगणं, आधी एक भट्टी, म्हणजे लाकडं रचून मातीनं झाकलेला ढीग, रचल्यापासून उघडेपर्यंत बघा. पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ तिथे लागतो.

भट्टीवाला धुरावरून काम ओळखतो. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे मुख्यतः लाकडातली वाफ. आतलं तापमान साधारण २८० अंश सेल्सिअसवर गेलं की लाकूड स्वतःच उष्णता सोडू लागतं. धूर विरळ, निळसर झाला की हवेची भोकं बुजवायची घाई सुरू होते, कारण उशीर झाला तर तयार कोळशाची राख होते. वारा पाठीशी घेऊन उभे राहा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मातीच्या ढिगावर चढू नका. लाकूड आकसतं तसा ढीग आतून पोकळ होतो.

आता हिशेब. १०० किलो वाळलेल्या लाकडात सुमारे १५०० मेगाज्यूल ऊर्जा असते. साध्या मातीच्या भट्टीतून त्याचा साधारण १५ किलो कोळसा निघतो, म्हणजे जेमतेम ४५० मेगाज्यूल. लाकूड नीट वाळवलं, रचाई घट्ट केली, धुराडं बसवलं तर २५ किलोही मिळतो. जंगल वाचतं किंवा जातं ते बरंचसं या फरकात. म्हणून कोळसा पाडणाऱ्यांना सरसकट जंगलाचे शत्रू ठरवणारे अहवाल मला पटत नाहीत. या लोकांना कोरडं लाकूड आणि भट्टीची राखण करायला पुरेसा वेळ मिळतो का, हे त्यात कुणी विचारलेलंच नसतं.

व्यापारात पोतं हे माप धरू नका. भट्टीवरचं, अडत्याकडचं आणि किरकोळ दुकानातलं पोतं सारखं नसतं. स्वतःचा ताणकाटा न्या. खडे वेगळे, चुरा वेगळा तोला, ओल तपासा. वाटेतल्या परवान्यांबद्दल आणि पावतीविना द्याव्या लागणाऱ्या पैशांबद्दल ओळख झाल्यावरच विचारा, आणि सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका.

शेवटी स्वयंपाकघर. डबाभर कोळसा रोज विकत घेणाऱ्या घराला किलोमागे पडणारा दर वेगळा काढा. पोतं घेणाऱ्यापेक्षा तो बहुधा जास्तच निघतो. शेगडी पेटवण्याआधी कोळसा तोला, आणि स्वयंपाक उरकल्यावर विझवून उरलेलाही तोला.